गोवर पलीकडच्या गल्लीतच का येतो?

मुलुंडची_निशा
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या.
झालं असं की आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी चार दिवस आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या नातवाला गोवर निघालाय, घरात फोडणीसुद्धा बंद आहे, अंगावरचं उतरल्याशिवाय यायची नाही. त्यांच्या गल्लीत म्हणे पाच पोरांना झालाय. माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे म्हणून मी घाबरले, इमारतीच्या ग्रुपवर विचारलं, 84 फ्लॅट आहेत, एकाकडेही नाही. मावशींची वस्ती इथून चालत बारा मिनिटांवर. लस फुकट आहे, महापालिकेचा दवाखाना माझ्यापेक्षा त्यांना जवळ आहे. मग ही माणसं घेत का नाहीत? अडाणीपणा म्हणायचा की आळस? (ओरडू नका, खरंच विचारतेय.)

भोचक_भवानी
ओरडत नाही. पण पहाटे पाचला उठून चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला आळशी म्हटल्याबद्दल तुझा एक गुलाबजाम कापण्यात येत आहे. प्रश्न चांगला आहे, शेंगदाणे घेऊन बसते.

अभ्यासू_आजोबा
निशाताई, हे नवीन नाही. 2022 च्या ऑक्टोबरअखेर गोवंडीत हेच झालं होतं. एकाच कुटुंबातली तीन लहान मुलं दोन दिवसांत गेली तेव्हा कुठे सगळे जागे झाले. मग भिवंडी, मालेगाव इथेही उद्रेक निघाले. 9 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना जादा डोस दिला आणि जिथे साथ जोरात होती तिथे 6 ते 9 महिन्यांच्या बाळांनाही. मुंबईच्या नकाशावर बघा, त्या वेळी रुग्ण कुठे दाटले होते. एम पूर्व वॉर्ड, म्हणजे गोवंडी-देवनार. कचरा डेपो, कत्तलखाना, इतर ठिकाणहून हलवलेल्या लोकांच्या इमारती, सगळं तिथेच आणून टाकलेलं. गोवरच वेगळीकडे कशाला जाईल?

बाळांचा_डॉक्टर
गोवराचं एक लक्षात घ्या, हा फार हावरट विषाणू आहे. एक रुग्ण, संरक्षण नसलेल्या 12 ते 18 जणांना देऊ शकतो, आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोनेक तास हवेत राहतो. म्हणून 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच साखळी तुटते. 85 टक्के म्हणजे पहिला वर्ग नाही, गोवराच्या बाबतीत नापासच. आणि ते उरलेले 15 टक्के शहरभर विखुरलेले नसतात, एकाच गल्लीत, एकाच दहा बाय बाराच्या खोलीत असतात. वॉर्डाची टक्केवारी छान दिसते आणि गल्ली पेटलेली असते.
दुसरं, आपल्याकडे गोवराने मूल दगावतं ते बरेचदा नंतरच्या न्यूमोनियाने किंवा जुलाबाने, आणि आधीच कुपोषित असेल तर जास्त. तुमच्या इमारतीतल्या मुलाला झाला तर आठ दिवस शाळा बुडेल. तिथे जीव जाऊ शकतो. मावशींना सांगा नातवाला दवाखान्यात नेऊन 'अ' जीवनसत्त्वाचे डोस द्या, लागोपाठ दोन दिवस असतात, फुकट मिळतात. घरी कडुनिंब ठेवा हवं तर, पण डोस द्या.

सपे_विद्यापीठ
थोडक्यात काय, शिक्षण नाही म्हणून. सक्ती करा. 2021 च्या नोव्हेंबरात औरंगाबादला (तेव्हाचं नाव) लस नाही तर पेट्रोल नाही, रेशन नाही केलं होतं ना, लगेच रांगा लागल्या.

भोचक_भवानी
@सपे_विद्यापीठ नऊ महिन्यांचं बाळ पेट्रोल भरायला येत नाही हो.

उपकेंद्रातली_ताई
मी एएनएम (सरकारी उपकेंद्रातली नर्स) आहे, मराठवाड्यात, 14 वर्षं झाली. जिल्हा सांगत नाही, बदल्यांचा सीझन आहे :)
वरती अडाणी, आळशी, सक्ती सगळं वाचलं म्हणून लिहायला बसले, मोठं होईल, माफ करा.
माझ्या हद्दीत लस नकोच असं तोंडावर म्हणणारी घरं बोटावर मोजण्याइतकी आहेत. बाकीची लेकरं सुटतात ती वेगळ्याच कारणांनी. आमची निम्मी गावं दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी रिकामी होतात. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, नवरा-बायकोचा एक कोयता, पोरं सोबत, सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटक. आता तुम्हीच हिशोब करा, मार्चमध्ये जन्मलेल्या लेकराचा नववा महिना डिसेंबरला भरतो. तेव्हा आई उसाच्या फडात. माझ्या ड्यू लिस्टला (लस बाकी असलेल्यांच्या यादीत) नाव आहे, लेकरू नाही. तिकडच्या सिस्टरच्या गावात लेकरू आहे, तिच्या लिस्टला नाव नाही. ऑगस्टच्या लेकराची दीड महिन्याची लस होते, अडीच आणि साडेतीन महिन्याची पालात (ऊसतोडीच्या झोपडीत) असल्यामुळे राहून जाते. पाडव्याच्या पुढे-मागे परत येतात तेव्हा कार्ड भिजलेलं, फाटलेलं नाहीतर हरवलेलं. आई म्हणते तिकडं एक सुई दिली होती, कशाची ते माहीत नाही. आता यूविनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) नोंद असली की कुठेही दिसते, चांगली सोय आहे, पण नोंद करणारं पालापर्यंत गेलं तर.
दुसरं म्हणजे रोज, दिवसाची मजुरी. पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) दिली की लेकराला ताप येतो, रात्रभर रडतं, दुसऱ्या दिवशी आईला कामावर जाता येत नाही. एक सुई म्हणजे दोन दिवसांचा रोज, एक रांगेत आणि एक तापात. नवरा म्हणतो चांगलं खेळणारं लेकरू आजारी पाडून आणलं. मी तापाचं औषध देते, ताप का येतो ते समजावते, तरी पुढच्या वेळी ती बाई मला बघून दार लोटून घेते, राग माझ्यावर नाही, त्या बुडालेल्या रोजावर असतो.
आणि तिसरं कुणी बोलत नाही ते. एमआरची, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीची, कुपी पाच लेकरांची असते. पावडरीत पाणी मिसळलं की चार तास, मग उरलेली फेकायची. पेंटाची उघडलेली कुपी नियमात बसली तर पुढच्या सत्राला चालते, एमआर आणि बीसीजीची (क्षयाच्या लसीची) नाही. सत्राला दोनच लेकरं आली तर? नियम म्हणतो एका लेकरासाठी पण उघडा. पण महिन्याच्या मीटिंगला वेस्टेज का वाढलं म्हणून उभं करतात ते मलाच. मग कुणीतरी म्हणतं, ताई पुढच्या बुधवारी या, चार-पाच जणी मिळून या. ती बाई पुढच्या बुधवारी येत नाही. मी पण नवीन असताना असं म्हटलेलं आहे, खोटं कशाला बोलू.

अभ्यासू_आजोबा
ताई, या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. दंडवत.

निवांत_मी
+1. कुपीचं हे माहीतच नव्हतं.

मोसमकाठचा
मालेगावचा आहे, तेव्हा माझ्याकडे बघून बोललात तरी चालेल, सवय आहे :)
2018 च्या नोव्हेंबरात राज्यभर गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, 15 वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांना शाळेत टोचायचं. त्याच आठवड्यात व्हॉट्सॅपवर फिरायला लागलं की ही पोरं मोठी होऊन त्यांना मुलं होऊ नयेत म्हणून आहे. माझ्या चुलतबहिणीने मुलीला तीन दिवस शाळेत पाठवलं नाही, आणि ती एमएस्सी आहे, तेव्हा शिक्षणाचं राहू द्या. अफवा मूर्खपणाची होती हे मान्यच. पण ती का चिकटली? आमच्या गल्लीत गटार साफ करायला कुणी येत नाही, रस्ता विचारला तर पुढच्या वर्षी म्हणतात, पाणी दिवसाआड, आणि अचानक एके दिवशी चार जण गाडीतून उतरतात आणि म्हणतात तुमच्या मुलांची आम्हाला फार काळजी. माणूस विचारतोच, आजच का बाबा? पुढच्या वर्षी त्या एनआरसी-नागरिकत्वाच्या कागदपत्रांच्या भानगडी निघाल्या, मग तर रजिस्टर घेऊन दारात आलेल्या आशाताईलासुद्धा लोक नाव सांगेनात.
बहिणीच्या मुलीला शेवटी लस मिळाली ती कुणामुळे सांगू? आमच्या गल्लीतल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी जुम्याच्या नमाजानंतर मशिदीच्या दाराशी उभं राहून सांगितलं की माझ्या नातीला मी काल स्वतः टोचलं. बस. पोस्टर नाही, भाषण नाही.
कोविडच्या वेळी तर तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी मुस्लिम वस्त्यांत लसीसाठी सलमान खानची मदत घेऊ म्हटलं होतं. आम्ही तयारच होतो, लस राहू द्या, भाईला बघायला तरी सगळा गाव आला असता.

टोपलीतली_मिरची
सलमान आला असता तर गाडी बाहेरच लावायला सांगा म्हणावं 🤐

अॅडमिन_काका
मिरची, आवरा. धागा चांगला चाललाय.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडची गोष्ट अजून निराळी बाप्पा. माझे दाजी मेळघाटात धारणीकडे शिक्षक होते. 2021 ला कोविडची लस आली तर लोक गाडीचा आवाज ऐकून जंगलात. लस घेतली का माणूस मरते असं पसरलेलं. सरकारी पत्रक मराठीत, सांगणारा मराठीत, आणि समोरची म्हातारी कोरकूशिवाय बोलत नाही. मग कोरकूतून व्हिडिओ बनवले, गावातल्याच पोरांना बोलायला लावलं, तवा कुठं थोडं जमलं.
मेळघाटात लेकरू आजारी पडलं तर अजूनही कुठं कुठं पोटावर तापलेल्या सळईचे डाग देतात, डंबा म्हणतात. बाहेरचा माणूस बघून लगेच जंगली म्हणून मोकळा होते. पण भूमका, म्हणजे गावचा वैदू, रात्री दोन वाजता दारात येते, आपल्या भाषेत बोलते, पैशासाठी तगादा लावत नाही. दवाखान्याची गाडी पावसाळ्यात नाल्यापलीकडंच थांबते. मग आई कोणाकडं जाईन? आता तर भूमकालाच हाताशी धरून पेशंट दवाखान्यात पाठवायचे प्रयोग पण झाले. शहाणपण आलं, पण 1993 मधल्या कुपोषणाच्या बातम्यांपासून किती वर्षं गेली बघा.

किस_पाडणारा
मी जरा उलटा प्रश्न टाकतो. लसीकरण वाढलं की बालमृत्यू कमी होतात असं आपण गृहीत धरतोय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी, 2019-21, त्यात संपूर्ण लसीकरण ओडिशात 90.5 टक्के, देशात सर्वात वरच्यांपैकी. केरळ 77.8. देशाची सरासरी 76.4. आता 2020 चा अर्भकमृत्यू दर बघा, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं, ओडिशा 36, केरळ 6. म्हणजे जिथे लशी जास्त तिथे मुलं सहापट जास्त मरतात??

सपे_विद्यापीठ
बघा! मी म्हणत होतोच की लसींचं एवढं काही नसतं, आमच्या आजीला कुठे

भोचक_भवानी
आजी आली. कुणीतरी डॉक्टरांना हाक मारा.

बाळांचा_डॉक्टर
आलो. किस चांगला पाडलाय, पण अर्धाच. त्याच 2020 ला देशाचा अर्भकमृत्यू दर 28 होता आणि त्यातले 20 मृत्यू पहिल्या 28 दिवसांतले होते. त्या 28 दिवसांत बाळाला काय मिळतं? बीसीजी, पोलिओचे थेंब, काविळीची लस. ते मृत्यू होतात कमी वजनाने, जंतुसंसर्गाने, जन्मताना गुदमरल्याने. तिथे आईचं वय, तिचं जेवण, बाळंतपण कुठे झालं, रस्ता आहे का, हे सगळं येतं. केरळ तिथे जिंकतो. ओडिशाने लस घरोघर पोचवली हे मोठंच काम आहे, पण लस वर्षातून पाच-सहा वेळा पोचवायची असते, आईला जेवण रोज लागतं.
गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी हेच दाखवून दिलं ना. 39 गावांत तिथल्याच बायकांना शिकवलं, नवजात बाळाचं वजन घ्या, श्वास मोजा, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर घरीच इंजेक्शन द्या. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात ते तिथूनच आलेलं आहे.
आणि केरळ म्हणजे सगळं छान असंही नाही. मलप्पुरमला लस कमी होत होती, 2016 ला घटसर्पाने मुलं गेली. घटसर्प! माझ्या बरोबरीच्या डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात पाहिलेला. राज्य कितीही पुढारलेलं असो, एखादी वस्ती लशीविना राहिली की रोग ती बरोबर शोधतो.

उपकेंद्रातली_ताई
अजून एक, या पाहणीत 'संपूर्ण' म्हणजे गोवराचा एकच डोस धरतात. दुसरा, 16 ते 24 महिन्यांचा, त्या आकड्यात नाहीच. आणि गळती जास्त होते ती तिथेच, लेकरू चालायला लागलं की आईला वाटतं आता काय.

गोंयकार_पात्रांव
आमच्या गोव्याचं पण सांगून टाकतो, कोणी विचारणार नाही म्हणून. त्याच पाहणीत संपूर्ण लसीकरणात 88 टक्क्यांवरून 82 वर आलो. घसरलो तरी महाराष्ट्राच्या पुढेच, तुम्ही 56 वरून 73 ला आलात म्हणून पेढे वाटताय. बाकी चालू द्या, मासे आलेत.

डॅलसकर
इकडून एक. 'अडाणी' वाल्यांसाठी खास. 2025 च्या जानेवारीत आमच्या टेक्सासच्या पश्चिमेला गेन्स काउंटीत गोवर सुरू झाला. गाड्या, मोठी शेतं, दवाखाने सगळं आहे. मेनोनाइट या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाची वस्ती, बरीच मुलं लस न घेतलेली. टेक्सासमध्ये शाळेला फॉर्म भरून देता येतो की माझ्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही. ऑगस्टमध्ये साथ संपली तोवर राज्यात 762 रुग्ण आणि दोन मुलं दगावली. कॅलिफोर्नियाने डिस्नेलँडमधून पसरलेल्या गोवराच्या साथीनंतर असे फॉर्म बंद केले, टेक्सासने नाही.
आमच्या मंडळातल्या गणपतीत पण एक काका 'नॅचरल इम्युनिटी' सांगत फिरत होते. त्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा रुपयाएवढा वण आहे.

टोपलीतली_मिरची
त्या वणालाच नॅचरल इम्युनिटी म्हणत असतील.

खान्देशी_भरीत
भो, कोविनचं कोणी काढलं नाही अजून? 2021 च्या मे मध्ये 18 च्या पुढच्यांना सुरू झालं, मोबाइलवर बुकिंग, दोन मिनिटांत स्लॉट गायब. आमच्या तालुक्याच्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) मुंबई-पुण्याच्या गाड्या. एसीत बसून, सँडविच खात. लस घेऊन जाताना आमच्याच माणसांना विचारतात, इथे भरीत कुठे चांगलं मिळतं! आणि गावातला माणूस ओटीपी म्हणजे काय विचारत उभा. नंतर रिपोर्ट काय आला, ग्रामीण भागात प्रतिसाद कमी.
तिकडे नंदुरबारला अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदाकाठी होडीतून जावं लागतं. 2020 ला बातमी आली होती ना, अंगणवाडीताई स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर जायची. तिचं कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे. पण पूल कधी होणार ते कौतुक करणाऱ्यांपैकी कोणी विचारलं नाही.

निवांत_मी
कबूल करतो, मी गेलो होतो. पुण्याहून, अडीच तास गाडी चालवून. तेव्हा फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं, दंडावरच्या चिकटपट्टीचा फोटोसुद्धा टाकला होता.

अभ्यासू_आजोबा
अवांतर आहे पण राहवत नाही. 1897 च्या प्लेगला हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लोक बिचकले, कारण त्याच काळात पुण्यात सोजीर (गोरे सैनिक) घरात घुसून तपासण्या करत होते, बायकांनासुद्धा रस्त्यावर काढत होते. रँडचं पुढे काय झालं ते सांगायला नको. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. रँडचं बूट आणि सावित्रीबाईंचे हात, दोन्ही एकाच साथीतले. मोसमकाठचा म्हणाले ते मशिदीच्या दारातले डॉक्टर सावित्रीबाईंच्या वाटेवरचे.

मुलुंडची_निशा
सगळं वाचलं, दोनदा. उत्तर द्यायला आठ दिवस लागले त्याला कारण आहे.
आधी लाजिरवाणं. ताईंनी दुसऱ्या डोसचं लिहिलं म्हणून मुलीची फाइल काढली. खासगीत हा डोस पंधराव्या महिन्याला असतो. तो राहिलाय. क्लिनिकमधून तीन वेळा मेसेज आलेत, एकदा फोन. आम्ही तेव्हा केरळ ट्रिपवर होतो, मग सर्दी, मग विसरलो. मीच 'आळस की अडाणीपणा' विचारत होते ना, माझ्यासाठी आळस लिहून घ्या. परवा देऊन आणला.
मग मावशींकडे गेले. नातू बरा आहे, डोस दिले, डोळे अजून लाल आहेत. सून परभणीकडची, बाळंतपणाला माहेरी गेली होती, सहा महिने तिथे, तिथल्या लशी झाल्यात, कार्ड गावच्या पेटीत. इथे आल्यावर ती एकदा दवाखान्यात गेली होती. तिला कार्ड आणा म्हणून परत पाठवलं. कार्ड आणायला गावी जायचं म्हणजे दीड-दोन हजार आणि चार दिवस. ती पुन्हा गेलीच नाही. मला तीन मेसेज आणि फोन, तिला एकदाही नाही. शेजारच्या खोलीत तिच्या जावेची दहा महिन्यांची मुलगी आहे, तिचंही राहिलंय. काय करू?

उपकेंद्रातली_ताई
कार्ड नसलं तरी लस देतात, द्यायलाच पाहिजे, नवीन कार्ड करून देतात. आधीच्या लशी पहिल्यापासून परत घ्याव्या लागत नाहीत, राहिलेल्याच पुढे द्यायच्या. दहा महिन्यांच्या मुलीला लगेच न्या, गल्लीत गोवर आहे. शक्य असेल तर सोबत जा. तुम्ही बोलला तर ऐकतील, आम्हाला वाईट वाटतं पण असं आहे.

मुलुंडची_निशा
गेले होते आज. जाऊ, सून, मी. दवाखान्यात गोवराच्या लसीला आमची धरून तीनच मुलं. सिस्टर म्हणाल्या, पाच होऊ देत, नाहीतर शनिवारी या. हुबेहूब तुम्ही लिहिलेलं वाक्य! मी भांडले नाही. हळूच म्हटलं, सिस्टर, एका मुलासाठी पण उघडायची असते ना? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जावेकडे, बाळ कडेवर झोपलेलं. म्हणाल्या, तुम्ही आरोग्य खात्यात आहात का? मी म्हटलं नाही, एका ताईंनी सांगितलं. उघडली कुपी. तिन्ही मुलांना दिली.

भोचक_भवानी
गुलाबजाम परत. पाकासकट.

उपकेंद्रातली_ताई
दोन डोस फेकले असतील त्या सिस्टरने. महिनाअखेरीला तिलाच उत्तर द्यावं लागेल. परत गेलात कधी तर तिला माझा नमस्कार सांगा.